जेवढी चूक, तेवढं अक्षर

डोळ्यांच्या संशोधनाच्या नियतकालिकात मी रुग्णांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. सगळ्या रुग्णांच्या, सगळ्या डोळ्यांवर. एकही सोडला नाही.

वाक्य परत वाचू नका, पहिल्यांदा जे कळलं तेच खरं आहे. मी तेव्हा नुकतीच पदवी घेऊन देवगाव रंगारीहून शहरात आले होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी पक्की समजूत होती. त्याआधी काही महिने एका छापखान्यात कातडीच्या रोगांची पुस्तिका जुळवायचं काम केलं होतं. तिथं नियम होता, रुग्णाचा चेहरा छापायचा तर डोळ्यांवर काळी पट्टी लावायची, म्हणजे ओळख पटत नाही. तो नियम मी डोक्यात घट्ट बांधून या नव्या नोकरीत आणला. काळा कागद, कात्री, डिंक. काही फोटोंत तर नुसता डोळाच होता, त्यामुळे तिथं नुसता काळा चौकोन उरला. खाली ओळ छापलेली: ‘बुबुळावरचा पांढुरका डाग येथे स्पष्ट दिसतो.’

छापखान्यातल्या जुळाऱ्यानं विचारलंही होतं, “ताई, ह्याच्यात डोळा दिसत नाय.”

मी चष्मा वर सरकवून म्हणाले, “दिसायलाच नको. नियम आहे.”

अंक छापून आला. आमच्या संपादक आपांनी तो उघडला, पानं उलटली, एका काळ्या चौकोनावर बोट टेकवलं आणि कितीतरी वेळ ते तसंच ठेवलं. त्या काय बोलल्या असतील असं तुम्हाला वाटतं? काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या ते फार नंतर. ते मी शेवटी सांगेन, कारण मधलं सगळं कळल्याशिवाय ते कळायचं नाही.

आपा म्हणजे डॉक्टर नसीमा. सगळं इस्पितळ त्यांना आपाच म्हणायचं. वयानं मोठे होते तेसुद्धा. अंगानं काटकुळ्या, आवाजानं बारीक, आणि पायात बारा महिने एकाच प्रकारच्या तपकिरी चपला. सकाळी शस्त्रक्रिया करायच्या आणि दुपारची भाकरी खाऊन झाली की मागच्या खोलीत येऊन अंकाला बसायच्या. आम्ही त्याला नुसतं ‘अंक’ म्हणायचो. नाव लांबलचक इंग्रजी होतं, ते पाकिटावर लिहितानाच माझा हात दुखायचा.

हा अंक मोठ्या डॉक्टरांनी सुरू केला होता. इस्पितळ त्यांचं, आपा त्यांच्या शिष्या. ते म्हणायचे, परदेशातल्या नियतकालिकांना बाभळीचा काटा माहीत नाही, उसाचं पातं माहीत नाही, पानाच्या चंचीतला चुना लेकराच्या डोळ्यात गेला तर काय होतं ते माहीत नाही. आपल्या डोळ्यांचं आपणच लिहायला पाहिजे. मी नोकरीला लागले तोवर ते थकून घरी बसले होते आणि अंक आपांच्या हातात आला होता.

आपांच्या टेबलाशेजारी खिळ्याला एक आरसा टांगलेला असायचा. पत्र्याच्या चौकटीचा, न्हाव्याच्या दुकानात असतो तसा. मी पहिल्या आठवड्यात ठरवून टाकलं की बाई नटवी आहे. मग लक्षात आलं, त्या आरशात स्वतःचं तोंड कधीच बघत नाहीत, फोटो बघतात. प्रत्येक फोटो एकदा सरळ, एकदा आरशात. छापखान्यात निगेटिव्ह उलटी लागली की उजवा डोळा डावा होतो, आणि वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही. आपा म्हणायच्या, “अक्षर उलटा छपा तो बच्चा भी पकडता. आँख उलटी छपी तो कोई नहीं पकडता. इसके वास्ते आईना.”

माझ्या काळ्या पट्ट्यांनंतरच्या अंकात त्यांनी पहिल्याच पानावर, लेखाच्या मथळ्याला वापरतात त्याच टायपात छापलं: ‘मागील अंकात आम्ही रुग्णांचे डोळे झाकले. ते या अंकात उघडे करीत आहोत.’ मी म्हणाले, आपा, शेवटच्या पानावर बारीक अक्षरात टाकलं असतं तर चाललं असतं. त्या म्हणाल्या, “जेवढी चूक, तेवढं अक्षर. आणि ‘आम्ही’ छापलंय, ‘सुमन’ नाही छापलं. आता चहा सांग.”

फोटोच्या बाबतीत त्यांचा आणखी एक हट्ट होता. ज्याचा डोळा त्याला विचारल्याशिवाय छापायचा नाही, आणि विचारायचं ते त्याच्या घरी जाऊन. इस्पितळात माणूस डॉक्टरला कशालाही हो म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. त्यापायी मी त्यांच्याबरोबर एसटीनं कुठं कुठं हिंडले! एकदा पाचोडच्या बाजारात एका मेंढपाळाला गाठलं. शेळीचं शिंग लागून त्याचा एक डोळा गेला होता. भोवती मेंढरं, धूळ, शेंगदाण्याचे ढीग, आणि आपा त्याच्यापुढं उकिडव्या बसून विचारतायत, “बाबा, तुमचा डोळा छापू का?”

“कंचा?”

“हा. शिंग लागलेला.”

“अन् ह्यो?” त्यानं चांगल्या डोळ्यावर बोट ठेवलं. “ह्यानं तुमचं काय घोडं मारलं? दोन पोरांतलं एक वंगाळ निघालं म्हणून त्याचाच फोटू काढता व्हय? दोन्ही छापा. नायतर एक बी नाय.”

मी हसले. आपा हसल्या नाहीत. “हौ,” म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं.” त्या दिवसापासून आमच्या अंकात प्रत्येक रुग्णाचे दोन्ही डोळे शेजारीशेजारी छापायला लागले, आजारी आणि चांगला. लेख तपासणारे बाहेरचे तज्ज्ञ विचारायचे, जागा का वाया घालवता? आपा उत्तर पाठवायच्या: रुग्णाची अट आहे.

ही झाली गंमत. आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

मोठे डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. इस्पितळाचा ट्रस्ट त्यांचा मुलगा बघायचा, धनंजयराव. स्वतः डॉक्टर नव्हते, पण माणूस सभ्य. मला कायम ‘सुमनताई’ म्हणायचे. त्यांनी ठरवलं की अंकाचा इतिहास सांगणारा एक खास अंक काढायचा. मुखपृष्ठावर बाबांचा फोटो, आणि आत बाबांचा तो गाजलेला लेख पुन्हा छापायचा. त्या लेखानंच अंकाचं नाव देशभर झालं होतं. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर सूज येऊन नजर गेलेली एक बाई, तिच्यावर मोठ्या डॉक्टरांनी केलेला नवा उपचार, आणि त्या पडद्याचे दोन फोटो: उजवा डोळा, आधी आणि नंतर. आधी सुजलेला, नंतर स्वच्छ. कितीतरी डॉक्टरांनी पुढं तो उपचार वापरला. लेखावर पहिलं नाव मोठ्या डॉक्टरांचं, दुसरं आपांचं. त्या तेव्हा नुकत्या शिकून बाहेर पडल्या होत्या.

आपा म्हणाल्या, छापायचा तर दोन्ही डोळे छापू. आता आपली रीत आहे. म्हणून त्या बाईच्या डाव्या, चांगल्या डोळ्याचा फोटो शोधायला त्यांनी जुन्या फोटोंची आणि निगेटिव्हची पेटी काढली.

उन्हाळ्याची दुपार. वीज गेलेली, कूलर बंद. मी पदरानं वारा घेत मुखपृष्ठाच्या रंगावर डोकं खाजवत होते. आपांचा आवाज आला, “सुमन, इकडे ये. काय दिसतं सांग.”

खिडकीच्या उजेडात त्यांनी दोन फोटो धरले होते. एक लेखातला, ‘उजवा डोळा, उपचारानंतर’. दुसरा पेटीतला, त्याच बाईचा डावा डोळा.

“दोन गोल दिसतात,” मी म्हणाले. “आतून लाल रेघा. झाडाच्या फांद्यांसारख्या.”

“आता बघ.” त्यांनी डावा डोळा आरशासमोर धरला.

आरशातला गोल आणि लेखातला गोल एकच होते. फांदीला फांदी, वळणाला वळण. एका ठिकाणी दोन रेघा एकमेकींवरून गेल्या होत्या, त्यासुद्धा तशाच.

मला तेवढं शास्त्र इतक्या वर्षांत कळायला लागलं होतं. पडद्यावरच्या या रेघा अंगठ्याच्या ठशासारख्या असतात, दोन डोळ्यांच्या सारख्या निघत नाहीत. म्हणजे ‘बरा झालेला उजवा डोळा’ हा बरा झालेला नव्हताच. तो त्या बाईचा कधीच न बिघडलेला डावा डोळा होता, उलटा छापलेला.

आपा खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

“चुकून झालं असेल,” मी म्हणाले.

“निगेटिव्ह उलटी लागते चुकून. डोळा चुकीचा निघतो, तेही चुकून. दोन्ही एकदम?” त्या थांबल्या. “मेरेकू नहीं मालूम. फोटोखालच्या ओळी मी लिहिल्या होत्या, सुमन. फोटो बघितला नाही. सरांनी दिला म्हणजे बघायचं काय? आरसा मी नंतर घेतला.”

मी लगेच शहाणपणा केला. केस पिकले तरी जित्याची खोड! म्हणाले, “इतिहास लई मोठा आहे आपा. एक लेख गाळला तर कुणाला कळतंय?”

“नक्को,” एवढंच बोलल्या.

धनंजयरावांना त्यांनी स्वतःच फोन केला. ते संध्याकाळी आले, येताना इम्रतीचा पुडा घेऊन. पुडा टेबलावर तसाच राहिला. आपांनी फोटो आणि आरसा त्यांच्या हातात दिला. त्यांनी पाहिलं, आणि आरसा पालथा ठेवला.

“आपा, शेवटच्या वर्षी बाबा मला ओळखायचे नाहीत,” ते म्हणाले. “माझं नाव सांगितलं तरी नाही. पण ह्या लेखाचं नाव काढलं की उठून बसायचे. मी रोज काढायचो, फक्त त्यांनी उठून बसावं म्हणून. आणि तुम्ही ते पुसायला निघालात?”

“पुसायला नाही. दुरुस्त करायला.”

“तुमचंही नाव आहे त्याच्यावर.”

“म्हणून तर.”

“मग आत कुठंतरी टाका. शेवटच्या पानावर, चार ओळी.”

आपांनी माझ्याकडे पाहिलं. पुढचं वाक्य काय असणार ते मला माहीत होतं. “ह्या मुलीनं चूक केली तेव्हा पहिल्या पानावर, मथळ्याच्या टायपात छापली,” आपा म्हणाल्या. “सरांची बारीक टायपात कशी छापू?”

धनंजयराव उठले. आवाज चढवला नाही, त्यानंच जास्त भीती वाटली. “ही खोली ट्रस्टची आहे. कागद, छपाई, सुमनताईंचा पगार, सगळं ट्रस्टचं. सोमवारी अंक छापखान्यात जायच्या आधी मी बघणार. त्यात ते पान असेल तर हा शेवटचा अंक.” दारात थांबून मला म्हणाले, “फाइल तुमच्याकडे असते ना? तुम्ही समजदार आहात.”

ते चार दिवस मी कसे काढले! फोन वाजला की मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहायची. माझी लेक त्याच ट्रस्टच्या इस्पितळात नोकरीला होती. एक बटण दाबलं की पान गायब होणार होतं, आणि छापून आल्यावर ‘कॉम्प्युटरचा घोटाळा’ म्हणायला मी मोकळी. बटणावर बोट ठेवून बघितलंही. त्या पट्ट्या चिकटवणारी पोरगी निदान बिनधास्त होती. ही बाई नुसतीच घाबरट.

आपा मात्र वेगळ्याच काळजीत. “तिला विचारलं नाही अजून.”

“कुणाला?”

“जिचा डोळा आहे तिला.”

पेटीवर नाव होतं, चंद्रभागाबाई, वेरूळ. आम्ही शनिवारी एसटीनं गेलो. मला वाटलं होतं म्हातारी सापडणार नाही, आणि खरं सांगते, सापडू नये अशीच मी मनात प्रार्थना करत होते. पण देवळाच्या वाटेवर बेल-फुलं विकत बसली होती. ग्राहकाकडे बघताना मान उजवीकडे वळवायची, डावा डोळा पुढं यावा म्हणून. आपांनी लांबूनच ते पाहिलं आणि चालता चालता थांबल्या. माझ्या मनगटाला धरलं.

आपांनी बसून ओळख दिली. मोठ्या डॉक्टरांचं नाव ऐकताच म्हातारीनं हात जोडले. “देवमाणूस. माझ्याकडून एक पै घेतली नाय.”

“उजव्या डोळ्यानं दिसतं का आजी?”

“नाय की.”

“कधीपासून?”

“कवाच दिसलं नाय.” बेलाची पानं निवडत ती सहज बोलत होती. “औषध झालं, पट्टी सोडली. डॉक्टरसाहेब म्हणले, दिसतं का गं आता? लई आशेनं म्हणले वो. तोंड असं फुललेलं. मी म्हणलं, व्हय, दिसतं. एवढ्या मोठ्या माणसाला नाय कसं म्हणावं? अन् दुसरा हुताच की बघायला.”

आपा बेलाचं एक पान उचलून उलटसुलट करत राहिल्या. म्हातारीलाच वाईट वाटलं. “चुकलं का माझं?”

“नाही आजी. तुमचं नाही चुकलं.” मग आपांनी सगळं समजावून सांगितलं, फोटो दाखवला, आणि विचारलं, “हे छापू का? तुमचं नाव नाही येणार.”

म्हातारीनं निवडलेली पानं बाजूला सारली. “त्येंच्या नावाला बट्टा लागंल?”

“लागेल थोडा. माझ्याही.”

“अन् ते औषध? अजून देत्यात कुणाला?”

“काही ठिकाणी देतात.”

“मग छापा,” ती म्हणाली, आणि आमच्या हातात बेलाची जुडी कोंबली.

परतीच्या एसटीत आपा खिडकीबाहेर बघत होत्या. खुलताबाद मागं पडल्यावर म्हणाल्या, “त्यांनी खोटं केलं की त्यांना खोटं सांगितलं गेलं, मला कधीच कळणार नाही. जे कळलं नाही ते छापायचं नाही. जे कळलं तेवढंच छापायचं.”

सोमवारी धनंजयराव आले. आपांनी पहिलं पान त्यांच्यापुढं ठेवलं. मथळ्याच्या टायपात: ‘आमच्या सर्वांत गाजलेल्या लेखातील उपचारानंतरचा फोटो चुकीचा आहे. तो रुग्णाच्या चांगल्या डोळ्याचा, उलटा छापलेला आहे. रुग्णाची दृष्टी परत आली नव्हती. हे कसे घडले ते आम्हाला माहीत नाही. हा उपचार कोणी वापरत असेल तर थांबावे.’ खाली दोन्ही डोळे शेजारीशेजारी, आणि लेखावर होती तीच दोन नावं, त्याच क्रमानं.

त्यांनी पान शेवटपर्यंत वाचलं. मग विचारलं, दृष्टी परत आली नव्हती हे कुणी सांगितलं? आपांनी म्हातारीचे शब्द जसेच्या तसे सांगितले, ‘तोंड असं फुललेलं’ इथपर्यंत. धनंजयरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“बाबांचं नाव तरी काढा,” ते म्हणाले. ही विनंती होती, हुकूम नव्हता.

“लेखावर नाव आहे, तर दुरुस्तीवर पण.”

“आपा, मी शेवटचं विचारतोय.”

कुणीच बोलेना. आणि मला शांतता सहन होत नाही, हा माझा जन्माचा रोग. माझ्या तोंडून निघालं, “साहेब, नावावर एक काळी पट्टी लावू का?”

मला अजून माहीत नाही मी ते चेष्टेनं म्हणाले की मनापासून. धनंजयरावांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू भिंत बोलली. आपांनी खाली मान घातली. त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय म्हणून मी वाकून बघितलं, तर बाई हसत होत्या, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

धनंजयरावांनी पान टेबलावर ठेवलं. फाडलं नाही. “छापा,” म्हणाले. “पण पुढचं तुमचं तुम्ही बघा.” जाताना मुखपृष्ठावरचा बाबांचा फोटो तेवढा उचलून घेऊन गेले. माझ्या लेकीच्या नोकरीला त्यांनी हात लावला नाही, हेही लिहायला हवं.

तो शेवटचा छापील अंक. मुखपृष्ठ कोरंच गेलं. पुढं कुठून कुठून डॉक्टरांची पत्रं आली, आम्ही उपचार थांबवला म्हणून. काहींनी शिव्याही घातल्या. आपांनी दोन्ही प्रकारची पत्रं सारख्याच चवीनं वाचली. पण खोली रिकामी करावी लागली.

त्या दिवशीच्या आपा अजून डोळ्यांपुढं आहेत. पेट्या हातगाडीवर चढलेल्या, आणि त्या खुर्चीवर उभ्या राहून खिळ्यावरचा आरसा काढतायत. मी म्हणाले, पडाल, मी काढते. ऐकलं नाही. खाली उतरून आरसा माझ्या हातात दिला, “तू ठेव.” मग पिशवीतून एक जुना अंक काढला. माझा. काळ्या पट्ट्यांचा. कोपरे मऊ झाले होते. मी लाजेनं अर्धी झाले. म्हणाले, आपा, हा कशाला जपून ठेवला? जाळून टाकायचा होता. इतक्या वर्षांत ह्याच्यावरून तुम्ही मला एका शब्दानंही रागावला नाहीत.

त्यांनी अंक उघडला, एका काळ्या चौकोनावर बोट टेकवलं, पहिल्या दिवशी टेकवलं होतं तसंच, आणि म्हणाल्या:

“आपल्या अंकात डोळे आपण सगळ्यांनीच झाकले गं, सरांनी, मी, त्या आजीनं. पण झाकलेत हे वाचणाऱ्याला दिसेल असे झाकणारी तू एकटीच निघालीस, पगली.”